सुलतानची हद्दपारी, डॉलीचे दात

एका शेतकऱ्याने एकदा माझ्याकडे त्याचं गावठी कुत्रं पिटबुल असल्याचा दाखला मागितला होता. कुत्रं शेजारीच बसलं होतं. कान पडलेले, शेपटी वळलेली, अंगावर गोचिडांची वस्ती. दुरून पाहिलं तरी त्याची सात पिढ्यांची वंशावळ याच शिवारातली आहे हे कळत होतं. मी विचारलं, "पिटबुल कशाला पाहिजे?" तो म्हणाला, "मॅडम, केळीच्या बागेतून मोटरीची केबल चोरीला जाते. बोर्ड लावतो, 'सावधान, सरकारनं बंदी घालेल कुत्रं.' चोर वाचतीन तं घाबरतीन."

दाखला मी दिला नाही. बोर्ड त्याने लावलाच. केबल पुन्हा चोरीला गेली की नाही, हे मला त्याने कधी सांगितलं नाही, म्हणजे गेली असावी.

मी गुरांची डॉक्टर. नोकरीची पहिली वर्षं धुळे जिल्ह्यात साक्रीकडे गेली, शेवटची जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या बाजूला. अडलेली म्हैस सोडवणं, बैलाच्या खुरातला काटा काढणं, शेळ्यांना जंताचं औषध पाजणं हा आमचा खरा धंदा. कुत्रा आमच्या दवाखान्यात उशिरा आला, तोही पाहुण्यासारखा, गाडीतून. आणि आला तो थेट जात विचारूनच.

त्यातच काही वर्षांपूर्वी दिल्लीहून एक पत्रक निघालं. पिटबुल, रॉटवायलर अशा परदेशी जातींची वीसेक नावं त्यात होती. या जाती हिंस्र, यांची विक्री आणि पैदास थांबवा, आधीपासून कुणाकडे असतील तर त्यांची नसबंदी करा, असा त्याचा मतलब होता. पुढे मालकमंडळी कोर्टात गेली आणि पत्रक तिथे अडकलं. पण कोर्टात अडकलेलं पत्रक मोबाइलवर अडकत नाही. ते गावोगाव फिरत राहिलं आणि फिरत फिरत मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका गावात पोचलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या काही मंडळींशी माझा अजून घरोबा आहे आणि त्यांच्याकडे दिवाळी अंक वाचला जातो.

या गावात मुरलीधर नाना नावाचे केळीवाले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज पंचक्रोशीत पोचणारा. त्यांनी इंदूरहून रॉटवायलर जातीचं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव सुलतान ठेवलं. वर्षभरात सुलतान वासराएवढा झाला. काळा कुळकुळीत, डोकं घमेल्याएवढं. नानांनी त्याला दारातल्या खांबाला साखळीने बांधला आणि तो तिथेच राहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेवढाच वर्तुळाकार पट्टा. रस्त्याने कोणी गेलं की तो साखळी ताणून भुंके आणि नाना ओट्यावरून कौतुकाने म्हणत, "राखणदार आहे!" खरं तर नानांच्या घरात राखण करण्यासारखी एकच गोष्ट होती, त्यांच्या पत्नी कमलअक्का. आणि त्यांना राखणदाराची गरज नव्हती.

पत्रक गावात पोचल्यावर लोकांनी सुलतानला हद्दपार करण्याचा ठराव ग्रामसभेत आणला. कुत्रं चावल्याच्या तक्रारीही गावात वाढल्या होत्या, त्यामुळे दोन्हीचा मेळ बसला. मला बोलावणं आलं ते सल्ल्यासाठी नव्हे, सहीसाठी.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंच इंदूबाई खुर्चीत बसल्या होत्या. बाई कर्तबगार. गावात पाण्याची टाकी त्यांनी भांडून आणली होती. त्यांच्या मांडीवर डॉली होती. डॉली म्हणजे पांढरी, केसाळ, कापसाच्या बोंडासारखी पोमेरेनियन कुत्री, डोक्यावर गुलाबी रिबीन.

मी म्हटलं, "सही करते. त्याआधी एवढंच सांगा, गेल्या वर्षात कुणाकुणाला कुत्रं चावलं? हात वर करा."

बरेच हात वर झाले.

"आता ज्यांना सुलतान चावला त्यांनीच हात वर ठेवा."

एकेक करून सगळे हात खाली आले. नानांची मान मात्र वर झाली.

"मग चावलं कोण?"

कुणी आपल्याच घरच्या कुत्रीचं नाव घेतलं, तिची पिल्लं उचलताना चावली होती. कुणाला बसथांब्यावरचं कुत्रं चावलं होतं, तेही त्याच्या पुढ्यातला भाकरीचा तुकडा लाथेने सारला तेव्हा. आणि बाकीचे लोक एकदम छताकडे पाहू लागले. शेवटी मागच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "आता मॅडम, सरपंचाच्या मांडीवर बसेल जनावराचं नाव आम्ही कसं घ्यावं?"

व्हरांड्यात हशा पिकला. इंदूबाई लाल झाल्या. "माझी डॉली? अय माय! ती खेळते वो. तिचे दात पाहा, तांदळाचे दाणे!"

तेव्हा अंगणवाडीच्या सेविका रेखाताई हळूच उठल्या. तिशीतली, अबोल बाई. त्यांनी साडीचा काठ थोडा वर केला. घोट्यावर फडकं बांधलेलं होतं. परवा इंदूबाईंच्या घराकडून जाताना डॉलीने अंगणातल्या खाटेखालून येऊन धरलं होतं. रक्त आलं होतं. सासूने त्यावर चुना आणि लाल तिखट भरलं होतं. दवाखान्यात गेल्या नव्हत्या.

"एवढीशी तर कुत्री, मॅडम. आणि घरची," त्या म्हणाल्या.

"डॉलीला रेबीजची लस दिलीय?" मी इंदूबाईंना विचारलं.

"तिले शाम्पू आहे, पावडर आहे, थंडीत स्वेटर आहे..."

"लस?"

इंदूबाई डॉलीची रिबीन नीट करू लागल्या.

इथे माझं हसू संपलं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

साक्रीला नवी असताना एका डोंगराकडच्या पाड्यातला एक गडी मेलेलं कुत्रं पोत्यात घालून माझ्याकडे आला होता. त्याला वाटत होतं बिबट्याने काही केलं. मी पोतं उघडलं, चार प्रश्न विचारले. कुत्रं आधी दोन दिवस लाकडाला, दगडाला चावत होतं. "तुला चावलं का?" तर म्हणाला, बोटाला जरासं, पाणी पाजताना. मी त्याला तिथेच साबणाने हात धुवायला लावला, माणसांच्या दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवला. तो गेला नाही. निंदणी पडली होती, शिवाय पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात असं कुणीतरी सांगितलं होतं. ती पद्धत केव्हाच गेली, आता दंडात देतात, पण त्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून जिवंत आहे. काही आठवड्यांनी त्याच्या भावाने येऊन सांगितलं, त्याला पाणी पिता येईना, पाण्याचा पेला पाहिला तरी घसा आवळत होता. मग तो गेला. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर जगात औषध नाही. आणि दिसण्याआधी मात्र साधा साबण, वाहतं पाणी आणि लस एवढ्यात तो हरतो. इतका भित्रा आणि इतका क्रूर रोग मी दुसरा पाहिला नाही.

म्हणून त्या दिवशी ठराव बाजूला ठेवून मी रेखाताईंना शाळेच्या नळाखाली बसवलं. फडकं सोडलं, तिखट-चुना धुऊन काढला आणि चांगली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायला लावली. धुतलं म्हणजे संपलं असं नाही, पण उशिरा का होईना धुवायचंच असतं. मग त्यांना इंजेक्शनासाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. इंदूबाईंना सांगितलं, "डॉलीला दहा दिवस घरात ठेवा, वेगळी. मी येऊन पाहत जाईन. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजायचं. पण त्याची वाट पाहत इंजेक्शन थांबवायचं नाही."

सुलतानची हद्दपारी पुढच्या सभेवर गेली. नानांनी मला केळीचा घड दिला. मी तो शाळेला दिला.

तीन दिवसांनी डॉलीला पाहायला गेले, तर डॉली नाही.

"फिरायले गेली," इंदूबाई म्हणाल्या.

"एकटी?"

"ती हुशार आहे."

मी अंगण पाहिलं, माडी पाहिली, खाटेखाली पाहिलं. बाई माझ्या नजरेला नजर देईनात. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. कुत्री पळाली म्हणजे पिसाळली, असा रेखाताईंच्या सासूने निर्णय दिला आणि सुनेसमोर डोक्याला हात लावून बसली.

मी रेखाताईंकडे गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. मला पाहून रडूच आलं त्यांना. म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासून दहादा पाणी पिऊन पाह्यलं. प्रत्येक घोटाला वाटतं, आता घसा आवळेल. अंगणवाडीतल्या पोरांना जवळ घ्यायची भीती वाटते."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांना समजावलं, इतक्या लवकर काही दिसत नसतं, तुम्ही पहिलं इंजेक्शन घेतलंय, पुढची वेळेवर घ्या, म्हणजे डॉली सापडो न सापडो, तुम्ही वाचलात. मग आम्ही दोघींनी मिळून तो तांब्या संपवला. एक घोट त्यांचा, एक माझा. सासूबाई दारातून पाहत होत्या. त्यांनी तांब्या पुन्हा भरून आणला.

डॉलीचा पत्ता लागला तो कमलअक्कांमुळे. नानांच्या घरावरून जाताना त्यांनी मला हाक मारली. "ताई, तुम्ही कुत्री शोधू राह्यल्या ना? मी काही चुगली करत नाही. पण परवा सकाळी सरपंचबाई एसटीत बसल्या, तव्हा त्यांची पिशवी भुंकत होती."

मी सरळ इंदूबाईंकडे गेले आणि तेवढंच विचारलं, "पिशवी कुठे उतरली?"

बाई खाटेवर बसल्या. "साक्रीला. बहिणीकडं. लोक म्हणत होते, डॉक्टरीण गाडी आणते, कुत्री नेते, अन् इंजेक्शन देऊन मारून टाकते. मॅडम, मले पोरगं नाही, पोरगी नाही. टाकीसाठी भांडून घरी येते तं दारात तीच राहते."

या उत्तराची माझी तयारी नव्हती. रागावायचं ठरवून गेले होते, ते तिथेच राहिलं. म्हटलं, "तिला मारायला नाही, जगलीय का ते पाहायला मी येते. फोन लावा."

फोन स्पीकरवर लागला. पलीकडून बहिणीचे यजमान बोलले, अस्सल अहिराणीत. "डॉली? मजामा शे! दूध पीस, खाटवर झोपस. काही काळजी नको."

इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"पन एक सांगू का," पलीकडचा आवाज जरा खाली आला, "कालदिन माले चावनी."

माझ्या साऱ्या नोकरीत एखाद्या जनावराने एवढ्या थोड्या वेळात दोन जिल्ह्यांत काम काढल्याचं मला आठवत नाही. साक्रीतल्या त्या गृहस्थांना फोनवरच साबण, नळ आणि दवाखाना समजावला. इंदूबाई दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन डॉलीला घेऊन आल्या, या वेळी पिशवीत नाही, कडेवर. आल्या त्या थेट रेखाताईंच्या घरी गेल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. रेखाताईंनी एवढंच सांगितलं की बाई खाली जमिनीवर बसल्या होत्या, आणि पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला सरपंचाची जीप दारात उभी राहिली.

दहा दिवस झाले. डॉली ठणठणीत. मी तपासायला वाकले तेव्हा तिने माझ्यावरही दात काढले. मला फार आनंद झाला.

त्या जीपमधल्या फेऱ्यांत कधीकधी मीही असे. रेखाताईंनी मला विचारलं, "कुत्रं चावूच नये म्हणून काय करायचं?" मी सांगितलं ते फार थोडं आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याला आणि पिल्लंवाल्या कुत्रीला हात लावू नये. ओळख नसलेलं कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, ओरडू नये, डोळ्याला डोळा देऊ नये, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहावं. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश आहे असंही नाही. अंग ताठ आणि गुरगुर थांबली, की सांभाळावं. रेखाताईंनी त्याचा खेळ केला. टाळी वाजवून "कुत्रं आलं!" म्हणायचं, की अंगणवाडीतली पोरं जागच्या जागी झाडं होत. एक पोरगा केळीचं झाड व्हायचा, दोन्ही हात पसरून. त्याला सांगावं लागलं, बाबा, तू पानं मिटव.

मग शाळेच्या आवारात लसीकरण ठेवलं. गावातल्या सगळ्या कुत्र्यांना एका जागी बोलावणं म्हणजे सगळ्या जाऊबाईंना एका स्वयंपाकघरात बोलावण्यासारखं आहे. कुणी दोरीने, कुणी पोत्यात, कुणी सायकलच्या कॅरिअरवर कुत्रं आणलं. एका गड्याने आणलेलं कुत्रं त्याचं नव्हतंच. त्याचं सापडलं नाही म्हणून दिसलं ते घेऊन आला होता. त्यालाही टोचलं. लस काही मालकी विचारत नाही.

नाना सुलतानला घेऊन आले ते मिरवत. एका हातात साखळी, दुसऱ्यात काठी. वर्षभर खांबाला बांधलेलं ते जनावर इतकी माणसं, इतकी कुत्री पहिल्यांदाच पाहत होतं. तेवढ्यात कुणीतरी लाउडस्पीकर चालू केला. कर्कश शिट्टी वाजली आणि सुलतानने झटका दिला. साखळी नानांच्या हातातून सुटली. तो सैरावैरा धावत सुटला तो थेट कडुनिंबाखाली, जिथे अंगणवाडीची पोरं बसली होती.

माझ्या हातात सिरिंज तशीच राहिली. कुणीतरी किंचाळलं. रेखाताईंनी एकच टाळी वाजवली, "कुत्रं आलं!"

पोरं उठली आणि झाडं झाली. हात अंगाशी, नजर पायांकडे. सुलतान त्यांच्यामध्ये जाऊन थांबला. धापा टाकत एकेकाला हुंगू लागला. सगळं तिथेच निवलं असतं, पण मागून नाना काठी उगारून, शिव्या देत आले. सुलतान गुरगुरत वळला. अंग ताठ झालं. डोळ्यांची पांढरी कड दिसली. आणि गुरगुर थांबली.

मी धावत होते, पण दूर होते. रेखाताई जवळ होत्या. त्या ओरडल्या नाहीत. सभेत घोटा दाखवताना होता त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, काठी खाली टाका. फेकू नका, टाका. त्याच्याकडे पाहू नका. तुम्ही पण झाड व्हा."

पंचक्रोशीत आवाज पोचणारे मुरलीधर नाना त्या दिवशी बिनआवाजाचे झाड झाले. धोतरातलं, टोपीतलं, थरथरणारं झाड. कमलअक्का मागून आल्या, कुत्र्याकडे पाठ करून सावकाश जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ये रे सुल्या. ये माय. घरी जाऊ." कुत्रा क्षणभर उभा राहिला. मग शेपटी पायात घालून त्यांच्याजवळ गेला आणि ते घमेल्याएवढं डोकं त्यांच्या मांडीत खुपसलं. मी त्याला तिथेच लस टोचली.

झाडांमधून एक बारीक आवाज आला, "ताई, झाडाला नाक खाजवता येतं का?"

त्या दिवशी नानांना मी जे सांगितलं ते गोड नव्हतं. "नाना, तुमच्या कुत्र्याने आजवर कुणाला धरलं नाही, खरंय. पण डॉली चावली तर पट्टी लागते, हा चावला तर ॲम्ब्युलन्स. एवढा जबडा दारात ठेवायचा तर माणसाने शहाणं असावं लागतं. बांधून, मारून तुम्ही राखणदार नाही, सुरुंग तयार करताय." नसबंदी करा, साखळी काढा, अंगणाला नीट कुंपण घाला, रोज फिरवा, बाहेर नेताना तोंडाला जाळी लावा, असं सगळं सांगितलं. नाना मान खाली घालून ऐकत होते. कमलअक्का म्हणाल्या, "ताई, हे सगळं मीच करीन. यांना फक्त काठी टाकायचं काम द्या."

पुढच्या ग्रामसभेत हद्दपारीचा विषय निघालाच नाही. इंदूबाईंनी त्याऐवजी दुसरा ठराव मांडला. जात कोणतीही असो, गावातल्या प्रत्येक कुत्र्याला दरवर्षी लस, आणि मांसाचा, लग्नाच्या पंगतीचा उरलासुरला कचरा बसथांब्यामागे टाकायचा नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. लस बरीचशी दिली गेली. कचऱ्याचं मात्र एकमताने मंजूर होऊन एकमताने विसरलं गेलं. बसथांब्यावरची कुत्री तशीच राहिली. त्यांना पकडायला, त्यांची नसबंदी करायला माणसं मिळावीत म्हणून मी निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिले. जनावराची जात विचारणारे पुष्कळ भेटले, जबाबदारी विचारणारे कमी. ती खंत आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर तीही थोडी वाढावी म्हणून लिहिली.

गेल्या मे महिन्यात मी त्या गावात गेले होते. जळगावचा मे, रस्त्यावर पापड भाजावा असा. नानांच्या घरी गेले, तर नाना बाहेर कडुनिंबाखाली खाटेवर, ओला पंचा डोक्यावर घेऊन पडलेले. आतल्या खोलीत कूलर जोरात चालू होता आणि त्याच्या बरोबर समोर, चारी पाय पसरून, सुलतान झोपला होता.

मी विचारलं, "नाना, तुम्ही बाहेर?"

नाना उठून बसले. "काय करता ताई, जागा एकाचीच आहे. मी म्हटलं, मले आत येऊ दे. तं ही म्हणते, तो इलायती आहे, त्याले ऊन सोसत नाही." त्यांनी पंचा पिळला. "तुम्ही गावठी आहात, म्हणे. तुम्हाले काही होत नाही."

आतून कमलअक्कांचा आवाज आला, "ताई, दार लोटून घ्या वो. गार हवा बाहेर चालली."